सात वाट्या: तांबट आळीतल्या नोंदी

18 नोव्हेंबर 2024, सोमवार

दुपारी एक बाई दुकानात आल्या. स्वेटरच्या स्टॉलवरच्या, तिबेटी. सोबत कॉलेजातली मुलगी. मी सवयीने हिंदीत सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या, "मराठीत बोला ना जी. आम्ही गोठणगावचे." अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्गेलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत 1972 सालची. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला 1999 मध्ये. बाईंचा जन्म तिथलाच. मराठी आपल्यापेक्षा गोड आणि प्रत्येक वाक्याला 'जी'.

पिशवीतून पिवळ्या कापडात बांधलेली एक वाटी काढली. तांब्याची, जुनी, नेपाळातल्या पाटणची. वडिलांनी आणलेल्या सातांपैकी उरलेली चांगली ही एकच. दोघींचे काठ चिरलेत, बाकीच्या भावाकडे. मुलगी आता पुण्यातच राहणार, तिच्या खोलीत देव्हारा मांडायचा. त्यासाठी पाणी भरून देवापुढे मांडायला अशाच सात नव्या वाट्या हव्यात. पण पहिल्यांदा त्या वाट्या गावी नेऊन मठात दाखवायच्या आणि लोसारला, म्हणजे नव्या वर्षाला, घरी मांडायच्या. लोसार 28 फेब्रुवारीला. त्या स्वेटरचा हंगाम संपवून जानेवारीअखेर निघणार. म्हणजे माझ्या हातात दोन महिने.

मुलगी त्यांना 'अमाला', म्हणजे आई, म्हणते. संध्याकाळपर्यंत आमचं अख्खं दुकान त्यांना अमालाच म्हणायला लागलं.

नमुन्याची मापं: काठाला व्यास 88 मिमी, तळ 50, उंची 40. भिंत सरळ तिरकी, पोट नाही. काठ बाहेर दुमडून आत तार घातलेली. आणि त्या दुमडीत हिरवा कळंक इतका बसलेला की सुईने काढावा लागेल.

19 नोव्हेंबर

काकांना नमुना दाखवला. त्यांनी वाटी उलटी केली, नखाने वाजवली, म्हणाले, "ताम्रकाराचं काम आहे." पाटणला तांबं घडवणाऱ्यांचं आडनावच ताम्रकार. आम्ही त्वष्टा कासार. दोन गावं, धंदा एक. काकांना त्या वाटीत मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, नाही याचं जरा वाईट वाटलं. ठोके घासून गुळगुळीत केलेत. अमालांनी मात्र काल स्पष्ट सांगितलंय: बाहेरून ठोके दिसले तर चालतील, आतून नकोत. आत रोज फडकं फिरतं.

कागदावर हिशोब: तळ, भिंत आणि काठाची थोडी वाढ धरून 130 मिमीची चकती लागेल. 0.9 मिमी पत्रा. एका चकतीचं वजन 107 ग्रॅम, सातांचं पाऊण किलो. बंबाच्या एका झाकणाएवढं तांबं! काकांचा पुढचा प्रश्न होता, "मग दोन महिने कशाला?"

उद्या मतदान, दुकान बंद.

23 नोव्हेंबर, शनिवार

निकालाच्या ढोल-फटाक्यांत आळीतले ठोके ऐकू येईनात, तरी पहिली वाटी उभी केली.

चकती कापली, मधे 50 मिमीचं वर्तुळ आखलं, लाकडावर खळगा करून त्यात थोडी खोल केली, मग मेखेवर घेऊन बाहेरून एकेक वळसा ठोकत भिंत उचलली. तांबं दहा-बारा मिनिटांत हट्टाला पेटतं. मग भट्टीत लाल करायचं, पाण्यात टाकायचं, चिंच-मिठाच्या पाण्यात काळं काढायचं, पुन्हा मेखेवर. पोलाद लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. नव्या पोरांना हे दहादा सांगावं लागतं. पाच फेऱ्या झाल्या. उंची 41, काठ 88. देखणी झाली. फोटो काढून मुलीला पाठवला.

लगेच उत्तर: "खूप सुंदर! पण अमाला म्हणते, पाणी भरून दाखवा."

24 नोव्हेंबर

पाणी भरलं आणि माझी लाज निघाली.

रिकामी असताना ही वाटी कुठल्याही प्रदर्शनात ठेवावी अशी. पाणी घातल्यावर एका बाजूला काठ पाण्याच्या दोन मिमी वर, समोरच्या बाजूला पाच. पाणी सरळच राहणार. वाकडा होता माझा काठ. शिवाय तळाला बारीक पोट आलेलं, बोट लागलं की वाटी डुगडुगते आणि सगळं पाणी थरथरतं. तीस वर्षं घागरी, हंडे, समया करतोय. घागरीत काठापर्यंत पाणी कोण भरतं? फुलदाणीत फुलं असतात, ताटलीत पदार्थ असतो. काठाचा वाकडेपणा नेहमी कशाच्या तरी आड लपलेला. इथे मात्र वाटीत फक्त पाणी, तेही काठापासून एका जवाच्या अंतरावर, आणि शेजारी तशाच आणखी सहा.

एक जव हे मोजमाप अमालांचंच. दोन वाट्यांच्या मधे एक जव अंतर, आणि पाण्यापासून काठापर्यंत एक जव. दोन वाट्या चिकटल्या नाही पाहिजेत, फार लांबही गेल्या नाही पाहिजेत. पाणी सांडलं नाही पाहिजे, आणि कमी भरून कंजूषपणाही नाही दिसला पाहिजे.

25 नोव्हेंबर

मंडईजवळून अर्धा किलो सातू, म्हणजेच जव, आणले. व्हर्निअरने वीस दाण्यांची रुंदी मोजली. 3.2 ते 3.7 मिमी. साडेतीन धरतो.

काका म्हणाले, आठ जवांचं एक अंगुळ, हे जुनं माप. आठ दाणे आडवे लावून पाहिले, 27 मिमी भरलं. माझं बोटही इतकं जाड नाही, आणि मी तांबट आहे. दाणे हल्लीचे फुगीर असणार. काका जुन्या मापावर ठाम.

28 नोव्हेंबर

अमाला दुकानात. तोवर दोन वाट्या झाल्या होत्या आणि मी त्या फळीवर छान सरळ मांडल्या होत्या, त्यांना दिसाव्यात म्हणून. त्यांनी काही न बोलता दोन्ही उचलल्या आणि पालथ्या ठेवल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रिकामी वाटी अशी उताणी नाही ठेवत जी. भरली तर सरळ, नाही तर पालथी."

मग त्यांनी रोजचा सगळा क्रम सांगितला. चहा गार झाला. आठवेल तसं लिहून ठेवतो.

सकाळी हातपाय धुऊन, वाट्या कोरड्या स्वच्छ पुसून, उदबत्तीच्या धुरावर धरायच्या. सातही एकात एक रचून हातात घ्यायच्या, वरच्या वाटीत थोडं पाणी ओतायचं. ती वाटी उचलून तिच्यातलं बहुतेक पाणी खालच्या वाटीत, घोटभर तिच्यातच ठेवून ती देव्हाऱ्यावर. मग पुढची तशीच. म्हणजे मांडतानासुद्धा एकही वाटी रिकामी बसत नाही. सगळ्या आपल्या डावीकडून उजवीकडे मांडायच्या. मग पुन्हा डावीकडूनच एकेक भरत जायचं. धार जवाच्या दाण्यासारखी: सुरुवातीला बारीक, मधे जाड, शेवटी पुन्हा बारीक. पाण्यावर श्वास पडू नये म्हणून काही जण तोंडाला कापड बांधतात. संध्याकाळी उलट्या क्रमाने, उजवीकडून, रिकाम्या करायच्या, पुसायच्या, पालथ्या घालायच्या. पाणी झाडाला. कुणाचा पाय पडेल अशा जागी नाही.

सात वाट्या कशाच्या, हे विचारल्यावर मुलीने बोटांवर मोजून दाखवलं: अर्घ, पाद्य, पुष्प, धूप, आलोक, गंध, नैवेद्य. आठवा शब्द, म्हणजे वाद्यांचा आवाज; तो वाजवून अर्पण करायचा, त्याला वाटी नाही. मी बघतच राहिलो. तिबेटी मंत्रांत हे शब्द संस्कृतमधूनच गेलेत, आणि आमच्या घरी गुरुजी पूजा सांगतात तेव्हा पाद्य, अर्घ्य, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हेच तर म्हणतात. पाहुणा दारात आला की प्यायला पाणी, पाय धुवायला पाणी, मग फुलं-सुगंध-दिवा-जेवण. अमालांच्या वाट्यांत सातही ठिकाणी पाणीच. खरा दिवा लावायचा तर तो धूप आणि गंध यांच्या मधे.

पाणीच का? त्या म्हणाल्या, पाणी फुकट मिळतं, म्हणून देताना मनात खळखळ होत नाही. आणि अतिशांचं नाव घेतलं. बंगालचे हे आचार्य 1042 मध्ये तिबेटात गेले. तिथलं पाणी इतकं शुद्ध, की नुसतं तेच अर्पण केलं तरी पुरे, असं ते म्हणाल्याची आठवण तिबेटी लोक सांगतात.

पुण्यात टँकरचं पाणी फुकट नसतं हे मी म्हणालो नाही.

29 नोव्हेंबर

काल एक विचारायचं राहिलं होतं, ते आज फोनवर विचारलं. आम्ही खाली बसून काम करतो आणि ठोकताना भांडं पायाने धरतो. आजोबा, पणजोबा, सगळे तसंच. देवाच्या वाटीला पाय लावणं तुमच्यात चालेल का?

त्या हसल्या. "बनताना पाय नाही लागला तर बनल कसं जी?"

तरी माझ्यापुरता नियम केला: शेवटचं चिंचेचं पाणी दिल्यानंतर पाय नाही, जमिनीवर नाही, ओलांडणं नाही. फळी छातीच्या उंचीवर लावली. पोरगा विचारत होता, एवढी वर का. म्हटलं, मांजर येतं.

2 डिसेंबर

तळाचं जमलं. चूक अशी होत होती की तळावर ठोके बसले की तांबं पसरतं, त्याला जायला जागा नसते, मग ते बाहेर पोट काढतं. आता तळ मुद्दाम आत दाबला, अर्धा-पाऊण मिमी. वाटी नुसत्या कडेच्या गोलावर बसते, मधला भाग टेकतच नाही. डुगडुग बंद. घागरीला खाली कडं असतं त्यातलंच हे ज्ञान, वाटीला वापरायचं सुचलं नव्हतं इतकंच.

काठाची दुमड आणि तार रद्द. फडक्याचा ओलावा त्या घडीत जातो आणि निघत नाही. नमुन्यात कळंक तिथेच धरला होता. त्याऐवजी काठ उभा धरून त्याच्या धारेवर हलके ठोके दिले. कडेची जाडी 0.9 वरून दीड मिमीपर्यंत येते. वेळ दुप्पट लागतो, पण हात कापत नाही आणि घाण धरायला जागाच नाही.

काठ सपाट करायला जाड काच, तिच्यावर पॉलिश पेपर, वाटी पालथी घालून आठाच्या आकड्यात घासायची. मग काचेवर सरळ ठेवून पाणी. आता चारही बाजूंनी फरक अर्ध्या मिमीच्या आत.

7 डिसेंबर

भट्टीवरचा आमचा गडी काल चैत्यभूमीला जाऊन आला. आज पॉलिशला बसला होता, वाट्या बघून विचारलं, "दादा, ह्या बुद्धाच्या?" हो म्हटलं. तो म्हणाला, आमच्याकडे वाट्या नसतात. बुद्ध आणि बाबासाहेब, समोर मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. वाहताना तो जी गाथा म्हणतो ती त्याने पुसता पुसता म्हणून दाखवली: "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." फूल जसं कोमेजतं तसाच हा देहही जाणार. म्हणजे देवाला काही हवंय म्हणून फूल नाही. स्वतःलाच आठवण राहावी म्हणून.

पाण्याचं सांगितलं तर त्याचा हात थांबला. "पाणी म्हटलं की आम्हाला महाड आठवतं," म्हणाला. 20 मार्च 1927, चवदार तळं. मग पुन्हा पुसायला लागला. काठाच्या आतल्या बाजूला एक ओरखडा मला दिसला नव्हता, तो त्याने शोधला.

10 डिसेंबर

कल्हईचा विचार केला आणि सोडला. आतून पांढरी शुभ्र दिसली असती, थेट चांदीसारखी. पण कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे मठारून कडक केलेली वाटी पुन्हा तापवायची, बाहेरचं काळं पुन्हा काढायचं. आणि रोज दोनदा फडकं फिरणार, वर्षा-दोन वर्षांत तांबं खालून डोकावणार. गोठणगावला कल्हईवाला कुठून आणायचा? कल्हई लागते ती आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. हे पाणी कुणी पीत नाही.

लाखेचं किंवा पारदर्शक रंगाचं लेपन तर नकोच. शोभेच्या तांब्यावर हल्ली सगळे मारतात. सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि मधे डाग पडतात. अमाला पाण्यात केशराच्या काड्या घालतात. लेपनाखाली ते शिरलं तर निघणार नाही.

उघडं तांबं. ठरलं.

14 डिसेंबर, दत्तजयंती

सात पूर्ण. मग वजनकाट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरून मोजलं. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, सोपं.

152, 155, 150, 153, 161, 151, 154.

बाहेरून सातही जुळ्या वाटतात. पाचवी सगळ्यात लहान वाटीपेक्षा अकरा मिलिलिटरने मोठी. भिंत जास्त ताणली गेली, पातळ झाली. नखाने वाजवली तर आवाजही वेगळा. काकांनी डोळे मिटून ऐकून हीच काढली, काट्याआधी. ही बाजूला. नवी करावी लागणार. काका म्हणतात, कोण मोजणार आहे? मी म्हटलं, पाणी मोजतं.

21 डिसेंबर

नवी पाचवी, 153. हिला सगळ्यात कमी वेळ लागला. असंच असतं.

बाजूला काढलेल्या वाटीत पोराने रिव्हेट टाकून ठेवले होते. ओरडलो नाही, पण काढून धुऊन घेतली. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. तिला कुणी पूजेत मांडलेलं नाही, मठात नेलेलं नाही, ती अजून तांबंच आहे. तरी रिव्हेट नकोत वाटलं.

2 जानेवारी 2025

मठारकाम. हातोडीचं तोंड आरशासारखं घासून घेतलं. त्यावर एक कण असला तर प्रत्येक ठोक्यात तो उमटतो. तळाच्या कडेपासून वर चढत गेलो, प्रत्येक ठोका शेजारच्याला थोडा चाटून. एका वाटीला पाचशेच्या आसपास ठोके होतात. मोजायचं ठरवून मोजत नाही, पण तोंडाने आकडे चालूच असतात. मठारल्यावर तांबं कडक होतं, काठ दाबून वाकत नाही. यानंतर भट्टी बंद.

ठोक्यांनी काठ पुन्हा किंचित हलला. पुन्हा काच, पुन्हा पाणी.

14 जानेवारी, संक्रांत

अमालांना तिळगूळ दिला. त्यांनी भाजलेल्या सातूच्या पिठाची पुडी दिली, त्साम्पा. काकूने त्यात गूळ आणि दूध कालवलं आणि म्हणाली, हे तर आपलं सातूचं पीठ. गहू-डाळं नाही एवढाच फरक.

19 जानेवारी, रविवार

वाट्या दिल्या. दुकानातच मांडून बघायच्या होत्या. फळी पुसली, स्वच्छ पांढरं कापड घातलं. अमालांनी स्टॉलवरून आणलेला नवा टॉवेल फाडून त्याचं फडकं केलं आणि हे फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही म्हणून मुलीच्या पिशवीत टाकलं. मग सात एकात एक रचल्या. रचताना अडकल्या नाहीत, हे मला आधी सुचलंही नव्हतं तपासायचं. नशीब.

पाणी भरताना कुणी बोललं नाही. गड्याने भट्टीचा पंखा बंद केला. सातही भरल्यावर अमाला खाली वाकल्या, डोळा काठांच्या रेषेत आणून डावीकडून उजवीकडे गेल्या. मग खिशातून सातूचा एक दाणा काढून दोन वाट्यांच्या मधल्या फटीत धरला. तो दाणा त्यांनी घरून आणला होता.

"बरोबर आहे जी."

निगा कशी राखायची ते कागदावर लिहून दिलं, कारण फोनवर सांगितलेलं कुणी ऐकत नाही. पाणी रात्रभर ठेवू नका. बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरी कडी उठतात. रिकामी केल्याबरोबर कोरडी पुसा. काळसर झाली तर चिंच-मीठ, बोटांनी, घासणी नको. मग तीन पाण्यांनी धुवा, आंबट राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवं. कडी पडलीच तर लिंबू. अमालांनी वाचलं आणि म्हणाल्या, पुसायचं तर आमच्यात आधीपासूनच आहे.

नमुन्याची जुनी वाटी परत दिली. सुईने तिच्या दुमडीतला कळंक काढून ठेवला होता. त्याचे पैसे घेतले नाहीत.

5 मार्च

गोठणगावहून फोन. लोसार छान झालं. मठातून आणलेल्या वाट्या घरात मांडल्या. एक अडचण: चौथी डुगडुगते. प्रवासात पेटीवर काहीतरी जड ठेवलं गेलं असावं, तळ बाहेर आला असेल. मी म्हटलं, पाठवून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "पाठवीन जी, पण तोपर्यंत तिच्या जागी काय ठेवू? सहा नाही ठेवत."

8 मार्च

ती 161 वाली काढली. तीन वेळा लाल करून, भिंत आत घेऊन 154 पर्यंत आणली. पातळ आहे, पण बसते बरोबर. मठारली, काचेवर घासली, पाणी भरून बघितलं.

खोक्यात भरायला घेतली आणि हात थांबला. उताणी ठेवली तर रिकामी, पालथी घातली तर पोस्टात उलटसुलट होणारच. काकू म्हणाली, तांदूळ भर. गोंदियाकडे पुण्यातून तांदूळ पाठवायचे? माळ्यावर नोव्हेंबरातले सातू होते, अर्ध्या किलोतले वीस-पंचवीस दाणे वगळता सगळे तसेच. काठाच्या एक जव खालपर्यंत भरले, वर कापड बांधलं.